तारप्याने छाती जाते का?

दोन वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत तलासरीकडचे एक पन्नाशीचे गृहस्थ दवाखान्यात आले होते. महिनाभर खोकला, संध्याकाळी अंग तापते, जेवण जात नाही, सदरा खांद्यावरून उतरायला लागलेला. तपासणी सुरू होण्यापूर्वीच त्यांनी आपल्या आजाराचे कारण सांगून टाकले.

"फुकून फुकून छाती गेली, डाक्टर. पोर होतो तवापासून तारपा वाजवतोय. आता पोराला नाय शिकवायचा."

"दादा, बिडी किती ओढता?"

"ती काय, सगळेच ओढतात. दिवसाला बंडल होतो."

थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. म्हणजे दोष तारप्याचा नव्हता. पण त्यांच्या मनात मात्र तारपाच गुन्हेगार ठरला होता आणि मुलाला न शिकवण्याचा निर्णयही होऊन गेला होता. असे बोलणारे ते एकटे नाहीत. 'तारप्याने छाती जाते', 'दम लागतो', 'क्षय होतो' ही वाक्ये डहाणू-तलासरी भागात अधूनमधून कानावर येतात. अशा समजुतीमुळे दोन नुकसाने होतात. खरा आजार तारप्याच्या नावावर खपून जातो आणि उपचाराला उशीर होतो, हे पहिले. एक चांगली विद्या विनाकारण घरातून बाहेर जाते, हे दुसरे. म्हणून आजच्या लेखात तारपा वाजवताना शरीरात नेमके काय घडते, त्याने काय बिघडते, काय बिघडत नाही आणि वाजवणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी, याचा विचार करू.

वादकाचे शरीर हेही एक हत्यार

सुताराचा खांदा दुखतो, शिंप्याचे डोळे शिणतात, शेतात वाकून लावणी करणाऱ्या बाईची कंबर धरते, हे आपण सहज मान्य करतो. वाजवणाऱ्याचे दुखणे मात्र कोणी दुखणे मानत नाही, कारण वाजवणे म्हणजे मौज असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात गिटार वाजवणाऱ्याचे मनगट आणि बोटांचे स्नायुबंध, तबलजीचे खांदे, व्हायोलिनवाल्याची मान, सनईवाल्याचे गाल हे वर्षानुवर्षे एकच काम करीत असतात. रंगमंचावर तासभर गिटार वाजवणारा कलावंत त्यापूर्वी घरी रोज चार-पाच तास सराव करीत असतो. ते काम बोटांच्या बारीक स्नायूंचे असते, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही इतकेच. १९८० नंतर युरोप-अमेरिकेत वादकांच्या आजारांकडे स्वतंत्र शाखा म्हणून पाहिले जाऊ लागले आणि १९८६ पासून या विषयाला वाहिलेले वैद्यकीय नियतकालिकही निघते.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी वैद्यांना सांगितले होते की, रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक विचारा : तुम्ही काम काय करता? हा प्रश्न आमच्यापैकी पुष्कळ डॉक्टर विसरतात. तेव्हा वाचकांपैकी जे वाजवतात त्यांनी तो विचारला जाण्याची वाट पाहू नये. 'मी तारपा वाजवतो' हे आपण होऊन सांगावे.

तारपा आणि श्वास

तारपा आपल्या वाचकांना नवा नाही. गंजाडचे कै. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमुळे मध्यभागी तारपावाला आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वळत जाणारी साखळी हे दृश्य जगभर गेले. वाद्य मात्र आतून कसे असते हे पुष्कळांना ठाऊक नसते. वाळवून पोखरलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आतल्या टोकाला कापून काढलेली पातळ जीभ, बोटांसाठी भोके आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. सांधे मधमाशांच्या मेणाने बुजवलेले. भोपळ्यात फुंकर मारली की दोन्ही जिभा थरथरतात आणि सूर निघतो.

नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून तारपावाल्याच्या मागे फिरतात. तो चाल बदलतो तशी त्यांची पावले बदलतात. याचा अर्थ असा की तारपा मध्येच थांबला तर सगळा फेरच अडखळतो. म्हणून श्वास घेण्यासाठी सूर तोडण्याची सोय तारपावाल्याला नाही. त्याला वाजवता वाजवताच श्वास घ्यावा लागतो.

हे कसे साधते? स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. आत घेणे आणि बाहेर सोडणे ही कामे आळीपाळीने होतात. तारपावाला या दोन कामांची चातुर्याने फाळणी करतो. छातीतली हवा संपत आली की तो गाल फुगवून तोंडात हवेचा साठा करतो. मग जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला टेकवतो. त्यामुळे तोंड आणि घसा यांमधले दार बंद होते. आता गालांचे स्नायू दाबून तोंडातली हवा भोपळ्यात ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने झटकन श्वास आत घ्यायचा. हे सगळे क्षणभरात होते. पुन्हा दार उघडते आणि छातीतली हवा सुरू होते. ऐकणाऱ्याला सूर एकसंधच वाटतो.

पुंगी वाजवणारा गारुडी हेच करतो, सनईवाले करतात आणि फुंकनळीने ज्योत एकसारखी धरणारे जुने सोनारही करीत. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू हे लांब लाकडी वाद्य याच पद्धतीने वाजते. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. यात छातीवर बळजबरी नाही. काम आहे ते गाल, जीभ, टाळू, पोटाचे स्नायू आणि छाती व पोट यांमधले श्वासपटल यांचे. चांगला तारपावाला जोराने फुंकत नाही, एकसारखे फुंकतो. जोर लावावा लागतो तो नवशिक्याला, किंवा ज्याच्या तारप्याची जीभ जाड व ताठ राहिली आहे त्याला. म्हणून वाद्य बनवणाऱ्याच्या हातात वाजवणाऱ्याचे आरोग्यही असते असे म्हटले तर चूक नाही.

मग छाती जाते ती कशाने?

जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली. लहानपणापासून तारपा वाजवीत आलेल्या या कलावंताने नव्वदी ओलांडलेली आहे. एका माणसावरून नियम बांधता येत नाही हे खरे. पण तारपा हाच जर छातीचा काळ असता, तर इतक्या वर्षांनंतर त्या छातीतून सूर निघाला नसता.

निरोगी माणसाची फुप्फुसे फुंकवाद्यामुळे फाटत नाहीत, झिजत नाहीत आणि त्यांना क्षयही होत नाही. क्षयरोग जंतूंमुळे होतो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा ते जंतू हवेत येतात आणि कोंदट जागेत राहणाऱ्या दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. एकाच ताटात जेवल्याने किंवा एकाच वाद्याला तोंड लावल्याने क्षय पसरत नाही. (सर्दी, फ्लू, तोंडावरचे फोड हे मात्र पसरू शकतात, म्हणून वाद्याचे तोंड पुसून घेणे केव्हाही चांगले.)

आपल्या भागात छाती बिघडवणारी कारणे वेगळी आहेत. ती एकेक करून पाहू.

पहिले कारण बिडी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. त्याशिवाय श्वासनळ्या कायमच्या आकसतात. पन्नाशीनंतर तारपावाल्याचा दम कमी पडू लागला, तर वाद्याआधी बिडीचा हिशेब मांडावा.

दुसरे कारण धूर. खिडकी नसलेल्या कुडाच्या घरात ओल्या लाकडांची चूल पेटते तेव्हा तो धूर स्वयंपाक करणारी बाई आणि तिच्याजवळचे मूल यांच्या छातीत रोज जातो.

तिसरे कारण धूळ. भाताचे काम संपले की पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर, खाणीत किंवा बांधकामावर जातात. दगड फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसली की ती निघत नाही, आणि अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू लवकर घर करतात.

चौथे कारण उपासमार व दारू. अंगात ताकद नसली की शरीरात दबून राहिलेले जंतू डोके वर काढतात.

आता गंमत अशी, की बिडी, धूर, धूळ आणि तारपा या चारही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात असतात. खोकला आला की त्यांतला सगळ्यात मोठ्याने वाजणारा तारपाच तेवढा आठवतो. बाकीचे तिघे आवाज न करता काम करतात.

खोकला दोन आठवड्यांचा झाला तर

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात, किंवा डहाणू अथवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात जाऊन थुंकी तपासून घ्यावी. गावातल्या आशाताईंना सांगितले तरी त्या वाट दाखवतात. तपासणी आणि औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी सरकारकडून रुग्णाच्या खात्यात पैसे जमा होतात. ही रक्कम २०१८ साली महिना ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे.

औषध सुरू झाले की लघवीचा रंग केशरी होतो. त्याला घाबरू नये, तो गोळीचा रंग आहे. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते आणि 'बरा झालो' असे वाटते. पुष्कळ रोगी इथेच गोळ्या सोडतात आणि फसतात. अर्धवट उपचाराने उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होतात. सहा महिने म्हणजे सहा महिने.

फुप्फुसाचा क्षय चालू असताना तारपा वाजवू नये. कारण दुहेरी आहे. शरीराला विश्रांती हवी असते, आणि जोराच्या श्वासाबरोबर जंतू बाहेर पडून शेजारच्याला बाधू शकतात. थुंकीतून रक्त पडत असेल तर एकही फुंकर मारू नये. उपचार पुरा झाल्यावर, डॉक्टरांनी छाती तपासून परवानगी दिली की, आधी पाच मिनिटे, मग दहा मिनिटे असे करीत पुन्हा वाजवता येते.

तारप्याची खरी दुखणी

तारपा सर्वस्वी निर्धोक आहे असेही म्हणता येणार नाही. त्याची स्वतःची काही दुखणी आहेत.

चक्कर येणे : छातीत हवा कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारे रक्त थोडे अडते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते. नवशिक्यांना आणि उपाशीपोटी वाजवणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. अशा वेळी हट्टाने उभे राहू नये. खाली बसावे आणि साधा श्वास घ्यावा.

कानापुढची सूज : आपल्या गालात, कानाच्या पुढे लाळेची मोठी ग्रंथी असते. तिची नळी गालाच्या आतून, वरच्या दाढेसमोर उघडते. सतत गाल फुगवून दाब दिला की कधी कधी हवा उलटी त्या नळीत शिरते. कानापुढे सूज येते, दाबले तर आत बुडबुडे फुटल्यासारखे वाटते. काच फुंकणारे कामगार आणि फुंकवाद्ये वाजवणारे यांच्यात हा प्रकार माहीत आहे. लोक त्याला गालगुंड समजतात. ताप नसेल तर काही दिवस वाजवणे बंद ठेवावे, सूज बहुधा आपोआप उतरते. ताप आला, लाल झाले किंवा तोंडात पू आल्यासारखी चव लागली तर डॉक्टरांना दाखवावे.

हर्निया : पोटाचा पडदा ज्या जागी कच्चा असतो तिथे, विशेषतः जांघेत, जोर लावल्यावर आतडे पुढे येते. तारप्यामुळेच हर्निया होतो असे नाही. ओझी उचलणे, जुना खोकला, शौचाला कुंथणे ही कारणे जास्त मोठी आहेत. पण हर्निया असताना रात्रभर वाजवले तर तो वाढतो. आडवे झाल्यावर गाठ आत जाते तोवर शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

डोळे व रक्तदाब : जोराच्या फुंकरीने डोळ्यांतला दाब तेवढ्यापुरता वाढतो. निरोगी डोळ्याला त्याचे काही वाटत नाही, परंतु काचबिंदू असलेल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच वाजवावे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा.

मान, खांदे, कंबर : मोठा तारपा पुढे धरून, मान किंचित वाकवून तासन्‌तास उभे राहायचे म्हणजे मानेचे आणि खांद्यांचे स्नायू आखडतात. दोन वाजवणारे असावेत आणि त्यांनी आलटूनपालटून वाजवावे, हा त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

तोंड : तारपावाल्याचे अर्धे वाद्य त्याच्या तोंडातच असते. तंबाखू आणि मशेरीने हिरड्या ढिल्या होतात, दात पडतात आणि ओठांची पकड जाते. गालाच्या आत पांढरा चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. ती दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला ती दुखत नाही, हीच तर तिची फसवणूक आहे.

भोपळ्यातली ओल

मॅंचेस्टरच्या डॉक्टरांनी २०१६ साली एका रोग्याची हकीगत प्रसिद्ध केली. ६१ वर्षांचे हे गृहस्थ रोज बॅगपाइप हे पिशवीचे फुंकवाद्य वाजवीत. सात वर्षे कोरडा खोकला आणि वाढत जाणारा दम. बिडी-सिगारेटची सवय नाही. मध्यंतरी ते तीन महिने ऑस्ट्रेलियात गेले असता त्यांना एकदम बरे वाटू लागले, परत आल्यावर पुन्हा त्रास सुरू. वाद्य त्यांनी घरीच ठेवले होते. तपासले तेव्हा पिशवीच्या आत आणि नळ्यांमध्ये अनेक प्रकारची बुरशी सापडली. रोज तिचे कण श्वासात जाऊन फुप्फुसाला सूज येत राहिली होती. निदान झाले तेव्हा उशीर झाला होता. ते गृहस्थ दगावले.

तारप्याचा भोपळाही बंद असतो आणि वाजवताना श्वासातली वाफ त्यात साचते. आपल्या किनारपट्टीची दमट हवा त्यात भर घालते. शिवाय पावसाळ्यात तारपा कित्येक महिने पडून असतो. म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. नवीन हंगामात पहिली फुंकर मारण्यापूर्वी वाद्य झटकावे, फुंकण्याचे भोक आणि नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आत काळे डाग किंवा कुबट वास असेल तर भोपळा बदलावा. वाजवून झाल्यावर तारपा लगेच कापडात गुंडाळून ठेवू नये, सावलीत वाऱ्यावर उलटा टांगावा. कडक उन्हात ठेवला तर मेण वितळते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे श्वास नाकानेच घ्यावा. तोंडाने भोपळ्यातली हवा आत ओढू नये. जुने जाणते वाजवणारे तसे करीतच नाहीत, पण नवशिकी मुले करतात.

फायद्याची बाजू

आता ऑस्ट्रेलियाच्या डिजेरिडूकडे वळू. झोपेत घोरता घोरता श्वास मध्येच अडकतो, माणूस दचकून जागा होतो आणि दिवसभर पेंगतो, असा एक आजार आहे. यात झोपेत घशाचे आणि टाळूचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी अशा २५ रोग्यांवर एक प्रयोग केला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना डिजेरिडू शिकवून चार महिने घरी सराव करायला लावले, बाकीच्यांना नुसते वाट पाहायला सांगितले. सराव करणाऱ्यांनी आठवड्यातले जवळजवळ सहा दिवस रोज सुमारे २५ मिनिटे वाद्य वाजवले. त्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि रात्री श्वास अडकण्याचे प्रमाणही घटले. गालांनी हवा दाबून नाकाने श्वास घेण्याच्या या पद्धतीने घशाच्या वरच्या भागातील स्नायूंना व्यायाम मिळतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

प्रयोग लहान होता आणि वाद्यही वेगळे होते, तेव्हा घोरणाऱ्याने औषधोपचार सोडून तारपा धरावा असे कोणी समजू नये. पण श्वासाची रीत तीच आहे. जी गोष्ट परदेशात उपचार म्हणून शिकवली गेली, ती आपल्या पाड्यावर 'छाती जाते' म्हणून टाकून द्यावी, हे बरे नव्हे.

एक खुलासा मात्र करतो. फुंकवाद्याने फुप्फुसे मोठी होतात, हीदेखील समजूतच आहे. मोठा होतो तो श्वासावरचा ताबा.

मुलांना शिकवताना

मुलाच्या हाती एकदम मोठा तारपा देऊ नये. आधी श्वास शिकवावा. लोटाभर पाण्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून त्यातून फुंकायला सांगावे. बुडबुडे न थांबता नाकाने श्वास घेता आला की अर्धे काम झाले. हा खेळ मुलांना आवडतो आणि त्यात जोर लावण्याची गरज पडत नाही. नंतर लहान, मऊ जिभेचा तारपा द्यावा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटांहून अधिक वाजवू देऊ नये. डोके गरगरले की थांबायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. दमा असलेल्या मुलालाही, दमा औषधाने आटोक्यात असेल तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने शिकता येते.

सिकलसेलबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांत हा रक्ताचा आजार आढळतो. अशा रोग्याला तहान, थंडी आणि अतिश्रम या तिन्हींमुळे हाडे-सांधे ठणकण्याचा झटका येऊ शकतो, आणि नाचाच्या रात्री हे तिन्ही एकत्र येतात. म्हणून मुलाची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. आजार निघाला तरी तारपा बंद करायला नको. थोडा वेळ वाजवणे, वरचेवर पाणी पिणे आणि अंगावर गरम कपडा असणे एवढे पथ्य सांभाळावे.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१) दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे थुंकीची तपासणी. तारप्याला दोष देऊन घरी बसू नये.

२) बिडी, तंबाखू आणि मशेरी सोडावी. वाजवणाऱ्याला तर दोनदा कारण आहे.

३) उपाशीपोटी वाजवू नये. नाचाच्या रात्री ताडी-दारूऐवजी पाणी, पेज किंवा ताक घ्यावे. दारूने अंगातले पाणी कमी होते आणि थकवा कळत नाही.

४) एकट्याने रात्र काढू नये. जोडीला दुसरा वाजवणारा असावा.

५) श्वास नाकाने घ्यावा. फुंकर एकसारखी असावी, जोराची नको.

६) वाद्य सावलीत वाळवावे. कुबट वास आला तर भोपळा बदलावा.

७) चक्कर, जांघेतली गाठ, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही झाले तर वाजवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

८) डॉक्टरांकडे गेल्यावर आपण तारपा वाजवतो हे आवर्जून सांगावे.

सुरुवातीला ज्यांची हकीगत सांगितली त्या गृहस्थांनी सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. बिडी सुटायला मात्र आणखी चार महिने गेले, आणि त्या काळात त्यांनी घरच्यांशी पुष्कळ भांडणे केली. वजन सात किलोने वाढले. गेल्या हंगामात ते तपासणीसाठी आले तेव्हा बरोबर मुलगा होता. मी विचारले, "काय दादा, वाजवता की नाही?"

"थोडा थोडा. दम पुरतो तेवढाच," ते म्हणाले आणि मुलाकडे बोट दाखवले. "बाकीचा ह्यो वाजवतो."